पानांचे घड्याळ फेकण्यापूर्वी

सौदीत नोकरी करून आलेल्या भावाने आकड्यांची पाने पडणारे विजेचे घड्याळ आणले. रात्री दहाला बरोबर लावले, तर पहाटे पाचला ते तीन पन्नास दाखवते! पहिली पाळी चुकते, दिवसाचा पगार जातो. घरचे म्हणतात, मशीन खराब. पण मशीन चांगले असते.

या घड्याळाची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालते. सौदीत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. म्हणून घड्याळ तासाला दहा मिनिटे मागे पडते. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलते, हर्ट्झ नाही. काही घड्याळांना ५०/६० चा खटका असतो, तो आधी पाहावा. नसल्यास ५० हर्ट्झची मोटर बसवावी लागते.

घड्याळ पूर्ण थांबले असेल, तर पुष्कळदा मोटरमधले तेल सुकलेले असते. आधी पिन काढा, मगच उघडा. जुने तेल पुसून घड्याळाच्या तेलाचा एक थेंब द्या. पानांना तेल लावू नका, ती चिकटतात. मोटर जळलीच असेल, तर नवी घेताना हर्ट्झ आपल्या विजेचे घ्या; व्होल्ट, मिनिटाचे फेरे आणि फिरण्याची दिशा जुनीशी जुळवा.

कष्टाच्या पैशाची वस्तू आहे. कारण शोधा, मग ठरवा.