पुराचं गणित: पोफळी ते चिपळूण

पोफळीच्या डोंगराच्या पोटात वीजघर आहे. तिथून बाहेर पडणारं पाणी मुळात कोयनेचं. विजेसाठी ते पश्चिमेला वळवलं, आणि कोळकेवाडी, अलोरे असं उतरत ते वाशिष्ठी नदीतून चिपळुणात येतं. त्यामुळे पूर आला की शहरात पहिला प्रश्न हाच: वरून पाणी सोडलं का? २२ जुलै २०२१ च्या महापुरातही तो विचारला गेला. पण पुराला एकच धनी नसतो. सह्याद्रीवरचा पाऊस, वीजघराचं पाणी, मध्येच मिळणारी शिवनदी, दाभोळच्या खाडीची भरती आणि पात्रातला गाळ, सगळं एकाच वेळी एकमेकांवर परिणाम करतं. हे गुंतलेलं गणित संगणकावर मांडता येतं.

आधी जमिनीच्या उंचीचा नकाशा घेऊन त्याचे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनाला उंची असते आणि खडबडीतपणाही, कारण मोकळ्या शेतातून आणि दाट बाजारपेठेतून पाणी सारख्या वेगाने जात नाही. वरून पाऊस आणि विसर्ग, खालून भरती देतात. मग काही सेकंदांच्या टप्प्याने हिशेब चालतो: या चौकोनातून शेजारच्यात किती पाणी गेलं?

आता एका गुंठ्यावर दीड मीटर भराव टाकून बघा. सुमारे दीड लाख लिटर पाण्याची जागा गेली. ते पाणी शेजारी सरकणार. शेजारी पुढच्या वेळी आपलं जोतं उंच करणार. शहराचं पाणी वाढावं असं कुणालाच वाटत नसतं, तरी सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज तीच होते. असे माणसांचे निर्णयही गणितात घेता येतात. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ साली वस्त्या कशा विभागल्या जातात ते अशाच साध्या नियमांनी दाखवलं होतं.

अशा गणितातून पूररेषा आखता येतात: महाराष्ट्रात निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. माझ्या मते रेषेपेक्षा तुलना मोलाची: भिंत बांधली तर पाणी कुठे चढेल, गाळ काढला तर किती उतरेल, हे विकास आराखडा मंजूर होण्याआधीच तपासता येतं.

मात्र संगणकाचं उत्तर खऱ्या पुराशी ताडून पाहावं लागतं. चिपळूणकरांनो, भिंतीवर २०२१ च्या पुराची खूण अजून असेल, तर रंग काढण्यापूर्वी तिची रस्त्यापासूनची उंची मोजा, फोटो काढा आणि नगरपरिषदेकडे लेखी द्या.