घाम आणि घोट (७) : शहाळं पुरतं का?

या आठवड्यात दुधाची पाळी होती. ती एका आठवड्याने पुढे गेली, कारण रत्नागिरीत मुलींना खो-खो शिकवणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न मध्ये आला. सराव संपला की त्यांच्या मुली शहाळं पितात. ‘शहाळ्यात सगळे क्षार असतात, मग त्यावर आणखी काही लागतं का?’ असं ते विचारतात.

क्षार असतात, पण घामातून जातात त्या प्रमाणात नसतात. घामातून मुख्यतः सोडियम जातं, म्हणजे आपलं मीठच. माणसागणिक फरक पडतो, तरी एक लिटर घामामागे सरासरी एक ग्रॅमच्या आसपास सोडियम, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ बाहेर पडतं. पोटॅशियम त्या मानाने किरकोळ जातं. शहाळ्याचं गणित नेमकं उलटं आहे. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी.

रत्नागिरीत हा फरक जास्त जाणवतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम अंगावर वाळत नाही, नुसता निथळतो. तो वाळला तरच अंग गार होतं. त्यामुळे गारवा मिळत नाही आणि मीठ मात्र वाहून जातं.

मीठ परत आलं नाही तर काय होतं? नुसतं पाणी भराभर प्यायल्याने रक्त पातळ होतं, मेंदू तहान थांबवतो आणि मूत्रपिंडं जास्तीचं पाणी बाहेर टाकतात. शिरेफ्स आणि मॉगन या ब्रिटिश संशोधकांनी 1996 साली हे मोजून दाखवलं. गेलेल्या घामापेक्षा जास्त पेय घ्यावं लागतंच, पण त्यात सोडियम पुरेसं नसेल तर त्या जादा पेयाची फक्त लघवी होते.

मग शहाळं सोडायचं का? मुळीच नाही. मलेशियाची हवाही कोकणासारखीच दमट. तिथे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यायामानंतर काहींना सोडियम मिसळलेलं शहाळ्याचं पाणी दिलं. शरीरातलं पाणी भरून काढण्यात ते बाजारी स्पोर्ट्‌स ड्रिंकच्या बरोबरीने उतरलं. दोन शहाळ्यांच्या साधारण अर्धा लिटर पाण्यात एक ग्रॅम, म्हणजे दोन मोठ्या चिमटी मीठ घातलं, की काम झालं.

आणि शहाळं नसेल तेव्हा? फडताळात कोकमाचं आगळ असतंच. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण सराव करणाऱ्या मुलांच्या बाटलीत कोकम अजून क्वचितच दिसतं. बाटलीत घालण्याआधी अमृत कोकम आणि आगळ यांत गल्लत नको. अमृत कोकम साखरेत मुरवलेलं असतं, आगळ मिठात. एकात साखर, दुसऱ्यात सोडियम. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. ओआरएस याच तत्त्वावर चालतं. म्हणून अमृत कोकमाच्या सरबतात थोडं आगळ घालावं. प्रत्येक घरच्या आगळाचं मीठ वेगळं असतं, तेव्हा चव घेत घालावं. पेय जिभेला जेमतेम खारट लागलं की थांबावं.

किती प्यावं? सरावाच्या आधी आणि नंतर, घाम पुसून वजन करावं. एक किलो घटलं असेल तर सव्वा ते दीड लिटर पेय पुढच्या काही तासांत, थोडं थोडं करून घ्यावं.

भाट्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूत तासभर चालून येणाऱ्यांना यातलं काहीच नको. त्यांना साधं पाणी आणि घरचं जेवण पुरतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे मीठ आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळंसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

ज्यांच्या घरी आगळ घालतात, त्यांनी किलोभर कोकमांना किती मीठ लावतात ते जरूर कळवावं. दूध पुढच्या आठवड्यात.