मोजपट्टी घेऊन गिटार खरेदीला

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटी एकेक करून किनाऱ्याला लागत होत्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ज्यांचे पोट बोटीवर चालते, त्यांच्या घरी या दोन महिन्यांत नवा पैसा येत नाही. असलेलाच पुरवून वापरायचा असतो. नेमक्या त्याच दिवसांत बारावीचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. वडील बोटीवर खलाशी. सुट्टीत जाळी दुरुस्त करून आणि जेटीवर पडेल ते काम करून त्याने आठ हजार रुपये साठवले होते.

"सर, इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. दोन बघून ठेवल्यात. तुम्ही याल का बघायला?"

"अरे, मला गिटार वाजवता येत नाही."

"वाजवतो मी. फसवणूक होणार नाही ना, एवढंच तुम्ही सांगा. आईनं बजावलंय, पैसे तुझे आहेत, पण पावसाळ्यात पुन्हा मागायला येऊ नकोस."

पहिली गिटार काळी, चकचकीत, जवळपास न वापरलेली. किंमत ६,००० रुपये. दुसरी मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या एका मुलाची, चार वर्षे माळ्यावर पडलेली. तारा तांबड्या झालेल्या, एक खुंटी वाकलेली आणि अॅम्प्लिफायरला जोडली तर आवाजच नाही. किंमत ३,००० रुपये. मुलाचे मन अर्थातच काळीवर बसले होते. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन वस्तू बरोबर घेतल्या: मिलिमीटरच्या खुणा असलेली मोजपट्टी आणि मल्टिमीटर.

आवाज कुठून येतो?

साध्या गिटारीत तारेचे कंपन घोडीतून लाकडाच्या पोकळ पेटीला मिळते आणि ती पेटी भरपूर हवा हलवते. इलेक्ट्रिक गिटारीचे धड भरीव असते. नुसती वाजवली तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतही नीट पोचत नाही. तिचे काम तारेखालचा पिकअप करतो.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे. ही तांब्याची तार केसाइतकी बारीक, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची असते. तिचे सात-आठ हजार वेढे घातलेले असतात. उलगडली तर एक किलोमीटरच्या आसपास भरेल. वरची पोलादी तार चुंबकामुळे स्वतःही थोडी चुंबकित होते. ती थरथरली की वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. हा दाब अगदी थोडा, व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. म्हणून अॅम्प्लिफायर लागतोच. आठ हजारांची गिटार घेऊन बसलो तर ती मुकी राहील, हे मुलाला आधी सांगावे लागले. पैशांचे दोन वाटे करणे भाग होते.

"तारा महाग आहेत सर, आणि खाऱ्या वाऱ्यात गंजतात. त्यांच्या जागी तंगूस बसवला तर?" त्याने विचारले. प्रश्न सुरेख होता. उत्तर मी लगेच दिले नाही. "गिटार घेतल्यावर बसवून बघू," एवढेच म्हटले.

जे बदलता येत नाही ते आधी तपासा

आंबा घाट चढून मिरजेला गेलात, तर सतारी बनवणारे कारागीर भेटतील. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. स्वर जरा चढा लागला तर पडदा सरकवता येतो. गिटारीचे पडदे, म्हणजे फ्रेट, मानेच्या लाकडात खाचा पाडून कायमचे ठोकलेले असतात. कारखान्यात चूक झाली की ती जन्माची. म्हणून गिटार घेताना रंग, चकाकी, नाव या गोष्टी मागे ठेवाव्यात आणि आधी अंतरे मोजावीत.

तारेची वारंवारता तिच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. लांबी निम्मी केली की वारंवारता दुप्पट होते, म्हणजे स्वर एक सप्तक वर जातो. या सप्तकाचे गिटारीवर बारा सारखे भाग केलेले असतात. सारखे म्हणजे गुणोत्तराने सारखे. एका फ्रेटवरून पुढच्यावर जाताना वारंवारता दर वेळी १.०५९५ पट होते, कारण या संख्येचा बारावा घात २ येतो.

यातून कारागिराचा एक सोपा नियम निघतो: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागा, तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट ठोका. मानेच्या टोकाला, जिथे तारा खाचांतून जातात, त्या पट्टीला नट म्हणतात. नटपासून घोडीपर्यंतची लांबी अनेक गिटारींत ६४८ मिलिमीटर असते. पहिला फ्रेट नटपासून ३६.४ मिलिमीटरवर येईल, दुसरा ७०.७ वर, आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. गॅलिलिओचे वडील व्हिन्सेंझो गॅलिली हे ल्यूट वाजवत. सोळाव्या शतकात त्यांनी १७.८१७ ऐवजी सरळ १८ ने भागण्याचा नियम सांगितला होता. त्या नियमाने बारावा फ्रेट किती चुकतो, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगा. उत्तर सुमारे २.४ मिलिमीटर येईल.

आता प्रत्यक्ष तपासणी. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे आणि तिथून घोडीपर्यंतचे अंतर मोजायचे. दुसरे अंतर पहिल्याइतके किंवा दोन-चार मिलिमीटर जास्त हवे. जास्त का? फ्रेटवर बोट दाबले की तार किंचित ताणली जाते आणि ताण वाढल्याने स्वर चढतो. तो खाली आणण्यासाठी तार थोडी लांब ठेवतात. जाड तारांना ही भरपाई जास्त लागते, म्हणून घोडीवर प्रत्येक तारेखाली पुढे-मागे सरकणारा एक छोटा ठोकळा असतो.

काळ्या गिटारीचे पहिले अंतर ३२४ भरले, दुसरे ३२०. ठोकळे मागे घ्यावेत म्हटले, तर ते आधीच स्क्रूच्या शेवटाला टेकलेले! घोडीच चुकीच्या जागी बसवली होती. चार मिलिमीटर म्हणजे किती चूक? मोकळी तार ६४४ मिलिमीटर, बाराव्या फ्रेटवर ३२०. भागाकार २ यायला हवा, तो येतो २.०१२५. म्हणजे ११० हर्ट्झला लावलेली तार बाराव्या फ्रेटवर २२० ऐवजी २२१.४ हर्ट्झ देणार.

आकडा लहान वाटतो. मोबाइलवर २२० हर्ट्झचा स्वर लावून मुलाला ती तार छेडायला सांगितली. दोन जवळच्या वारंवारता एकत्र आल्या की आवाज लहानमोठा होत राहतो. यांना विस्पंद म्हणतात. सेकंदाला किती विस्पंद, तर दोन वारंवारतांमधील फरकाइतके. आवाज डोलू लागला तसा मुलाचा चेहरा उतरला. "ही कधीच सुरात लागणार नाही?" घोडी काढून, भोके बुजवून पुन्हा बसवता येते, पण ते कसबी कारागिराचे काम आणि खर्चाचे.

मोजपट्टी नसेल तर कानानेही पारख होते. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसते टेकवून तार छेडा आणि बोट लगेच उचला. घंटेसारखा स्वच्छ स्वर निघेल. मग त्याच फ्रेटवर तार दाबून छेडा. दोन्ही स्वर एकच हवेत. दाबलेला स्वर चढा असेल तर ठोकळा मागे घ्यायचा, उतरा असेल तर पुढे. मात्र तारा नव्या असाव्यात. गंजलेल्या तारेचे वस्तुमान सगळीकडे सारखे राहत नाही, त्यामुळे ती या परीक्षेत खोटे बोलते.

माळ्यावरची गिटार

दुसऱ्या गिटारीची अंतरे ३२४ आणि ३२६ भरली. ठोकळ्यांचे स्क्रू गंजले होते, पण तेलाच्या थेंबाने फिरले, आणि दोन्ही बाजूंना जागा शिल्लक होती. पुढची तपासणी मानेची. सहा तारांचा मिळून ताण ४० ते ४५ किलोग्रॅम वजनाइतका असतो आणि मान तो रात्रंदिवस सोसते. त्यासाठी तिच्या पोटात पोलादी सळई असते. टोकाची चावी फिरवून मानेचा बाक कमीजास्त करता येतो. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबली की ती सरळ पट्टीचे काम करते. मधे सातव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट दिसली तर मान ठीक. इथे फट बरीच मोठी होती, पण चावी फिरत होती. चावीच अडकलेली असती, तर मी ती गिटार नाकारली असती.

राहिला मुकेपणा. मालकाच्या घरच्यांना विचारून आम्ही झाकण उघडले. जॅकपासून एक वायर सुटली होती. पिकअपच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला, तर सुमारे ६ किलो-ओहम रोध दिसला, म्हणजे वेटोळे शाबूत. दोष डाग देण्यापुरता होता.

अशी दुरुस्ती घरी करता येते याचे श्रेय बरेचसे लिओ फेंडरला आहे. १९३८ साली त्याने कॅलिफोर्नियात फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. १९५० च्या सुमारास त्याने गिटारी बनवल्या, तेव्हा मान धडाला चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी जोडली. भाग बिघडला की काढा, दुसरा बसवा, ही दुरुस्तीवाल्याची दृष्टी. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे वाचून मला जरा बरे वाटले! आजच्या बहुतेक स्वस्त इलेक्ट्रिक गिटारी त्याच पद्धतीने बांधलेल्या असतात.

सुधारणांचा क्रम

जाहिराती वाचल्या की वाटते, आधी महाग पिकअप घालावा. खरे तर तो सगळ्यात शेवटी.

पहिल्या येतात तारा. मग मानेचा बाक, तारांची उंची (बाराव्या फ्रेटवर सुमारे दोन मिलिमीटर) आणि घोडीचे ठोकळे नीट लावून घ्यायचे. याला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. चावी एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. मग नटच्या खाचा. खाच उथळ राहिली तर तार उंच राहते आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे स्वर चढे लागतात. त्यानंतर फ्रेटची खरखरीत टोके कानशीने घासणे आणि सैल खुंट्या बदलणे.

मग घूंऽऽ असा येणारा आवाज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने घरातल्या वायरिंगभोवतीचे चुंबकीय क्षेत्र पिकअपला तारेइतकेच स्पष्ट 'ऐकू' येते. गिटारीच्या पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली की चरचर बरीच कमी होते, पण चुंबकीय घूं तशीच राहते. तिच्यावर उपाय जोड-वेटोळ्याचा पिकअप. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर याने १९५५ च्या सुमारास तो तयार केला. त्यातील दोन वेटोळ्यांचे वेढे आणि चुंबक दोन्ही एकमेकांच्या उलट असतात. तारेचे संकेत त्यामुळे एकत्र मिळतात आणि बाहेरची घूं एकमेकींना खोडून काढते.

एक गोष्ट मात्र क्रमात बसत नाही, ती सर्वांत आधी. गिटारीच्या तारा वायरने अॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला आणि तिथून घराच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल आणि अॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला, तर वीज तारांत आणि तारांवरून वाजवणाऱ्याच्या हातात येते. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकण्याची सवय इथे जिवावर बेतू शकते. या मुलाच्या घरी आम्ही वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतले, मगच प्लग लावला.

हिशेब आणि तंगूस

गिटार ३,००० रुपये. तारांचे दोन संच, एक खुंटी, डाग देण्याचे साहित्य आणि तांब्याची पट्टी मिळून १,४००. जुना छोटा अॅम्प्लिफायर २,६००. हजार रुपये उरले. ते त्याने आईच्या हाती दिले. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, हा नियमही ठरला. घाम आणि समुद्राचा वारा दोघांतही मीठ असते.

मग राहिलेला प्रयोग केला. पाच तारा पोलादी ठेवल्या, सहाव्या जागी तंगूस ताणला. नुसत्या कानाला तंगुसाचा स्वर ऐकू येत होता. अॅम्प्लिफायर चालू केल्यावर पोलादी तारा खणखणल्या. तंगूस समोर थरथरताना दिसत असूनही स्पीकर गप्प. नायलॉन चुंबकित होत नाही, मग वेटोळ्यातील क्षेत्र बदलणार कसे?

हा प्रयोग गिटारीशिवायही वर्गात होतो. दंडचुंबकाभोवती कागद गुंडाळून त्यावर एनॅमलच्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारभर वेढे घाला. अशी तार मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याकडे मिळते. टोकांचे एनॅमल खरवडून ती शाळेच्या अॅम्प्लिफायरच्या माइकच्या जागी जोडा. फळीवर दोन खिळ्यांमध्ये पोलादी तार ताणून तिच्याखाली, न टेकता, चुंबकाचे टोक आणा. तार छेडा. मग तिच्या जागी तंगूस लावा. स्पीकर बोलेल की नाही, हे मुलांकडून आधी लिहून घ्या.