उजनीच्या पोटातला गाळ

आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाने ठाण मांडले, की सोलापूर जिल्ह्यातील माणसाचे लक्ष स्वतःच्या गावावरील आभाळाकडे कमी आणि दौंडहून येणाऱ्या आकड्याकडे अधिक असते. दौंडला भीमेचा विसर्ग किती हजार क्युसेकवर गेला, उजनी किती टक्के भरली, आणि कालव्याला पाणी केव्हा सुटणार, ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर माढा, मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा अशा तालुक्यांतील पिकांचा आणि खुद्द सोलापूर शहराच्या नळांचा वर्षभराचा भरवसा अवलंबून असल्यामुळे, ही उत्सुकता अगदी स्वाभाविक आहे. परंतु त्या पुराबरोबर, त्याच दिवसांत आणि त्याच मार्गाने आणखी एक वस्तू धरणात दाखल होत असते, जिचा आकडा सकाळच्या वर्तमानपत्रात येत नाही. ती वस्तू म्हणजे गाळ.

नदी बारा महिने वाहिली तरी गाळ बारा महिने सारख्या प्रमाणात वाहत नाही. प्रवाहाची गती वाढली, की त्याची माती उचलण्याची आणि वाहून नेण्याची शक्ती त्या गतीच्या कित्येक पटींनी वाढते. म्हणूनच वर्षभराच्या गाळाचा फार मोठा हिस्सा पावसाळ्यातील मोजक्या पुरांच्या दिवसांत खाली उतरतो. त्यातही मृगाच्या आणि आर्द्रांच्या सुमाराचे पहिले पूर अधिक गढूळ असतात, कारण त्या वेळी रान नांगरलेले आणि उघडे असते, बांधावर गवत उगवलेले नसते, आणि उन्हाळ्याने भुसभुशीत केलेली काळी माती पहिल्या जोरदार सरीबरोबरच ओढ्याची वाट धरते. ह्या वाहतुकीचा नुसता अदमास घ्यायचा म्हटला तरी आकडे दडपून टाकणारे आहेत. दौंडजवळून एक लाख क्युसेक पाणी एक दिवसभर वाहिले, तर ते साडेआठ टीएमसीहून थोडे अधिक भरते. आणि त्यातील प्रत्येक लिटरात एकच ग्रॅम माती आहे असे धरले, तरी त्या एका दिवसात जवळजवळ अडीच लाख टन माती धरणाच्या हद्दीत येऊन पोहोचते.

पुढे तिचे काय होते, हे समजून घेण्यासाठी जलाशयाच्या शेपटाकडे गेले पाहिजे. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा, रांजणगाव सांडस येथे मिळालेली मुळा-मुठा आणि नगर-पुण्याच्या सीमेवरून आलेली घोड ह्यांचे एकत्रित पाणी दौंडच्या खाली यशवंतसागराच्या, म्हणजे उजनीच्या जलाशयाच्या, फुगवट्यात शिरते, तेव्हा अरुंद पात्रातून धावणारा प्रवाह एकाएकी विस्तीर्ण, संथ पाण्यात पसरतो आणि त्याची शक्ती गळून पडते. खडे आणि जाड वाळू तिथल्या तिथे बसतात. बारीक वाळूचा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा कण दहा मीटर खोल पाण्यात वीस-पंचवीस मिनिटांत तळ गाठतो, आणि म्हणून तोही फार दूर जात नाही. परंतु आपल्या काळ्या मातीतील चिकणमातीचा अतिसूक्ष्म कण तेवढीच खोली उतरायला, पाणी अगदी स्तब्ध असले तरी, महिनाभर घेऊ शकतो; तेवढ्या अवधीत तो पाण्याबरोबर थेट भिंतीपर्यंत प्रवास करतो. अशा रीतीने पुराचे पाणी आपले ओझे प्रतवारी करून उतरवत जाते: वर वाळू, मध्ये पोयटा, आणि खाली भिंतीच्या बाजूला चिखल.

ह्या प्रतवारीतच उजनीच्या प्रश्नाचे मर्म आहे. धरणातील मृत साठा गाळासाठीच राखून ठेवलेला असतो, सबब गाळ खुशाल तिथे साचू द्यावा, अशी एक समजूत सर्वत्र आढळते, आणि उजनीचा मृत साठा 63.66 टीएमसी एवढा प्रचंड असल्यामुळे ती समजूत सोलापूरकरांना विशेष दिलासा देते. वस्तुस्थिती निराळी आहे. जाड गाळ बसतो तो जलाशयाच्या वरच्या, उथळ अंगाला. आणि नेमके तिथेच कालव्यांना मिळणारे पाणी साठत असते. उजनीची पूर्ण संचय पातळी 496.83 मीटर आहे आणि उपयुक्त साठा जिथे संपतो ती पातळी 491.03 मीटर, म्हणजे ज्या 53.57 टीएमसीवर जिल्ह्याची सारी भिस्त आहे, तो साठा उंचीने सहा मीटरही नसलेला, मात्र कोसच्या कोस पसरलेला पाण्याचा थर आहे. इतक्या पातळ थराच्या माथ्याशी गाळाचा त्रिभुज प्रदेश पुढे सरकत असेल, तर मृत साठ्यात कितीही जागा रिकामी असली तरी तिचा उपयोग काय?

पुराची आणखी एक तऱ्हा विलक्षण आहे. पुरेशा दाट गढूळतेचे पाणी स्वच्छ पाण्याहून जड असते, त्यामुळे जलाशयात शिरल्यावर ते त्यात मिसळून न जाता ठरावीक ठिकाणी खाली बुडी मारते आणि जुन्या नदीपात्राच्या खोलगट मार्गाने तळातून सरपटत पुढे जाते. जिथे ही बुडी मारली जाते, तिथे पृष्ठभागावर फेस, काटक्या, जलपर्णी आणि तरंगता कचरा ह्यांची एक आडवी रेघ तयार होते. तिच्या अलीकडे पाणी तांबूस-काळपट आणि पलीकडे बरेच निवळ दिसते. अमेरिकेतील हूव्हर धरणाच्या मागे 1930 च्या दशकात असे तळातले प्रवाह भिंतीपर्यंत पोहोचल्याचे आढळले, आणि तेव्हापासून जगभरच्या अभियंत्यांनी त्यांचा कसून अभ्यास केला आहे. भिंतीच्या तळाशी योग्य वेळी उघडता येतील अशी द्वारे असतील, तर हा चिखल बसण्यापूर्वीच बाहेर काढून देता येतो. उजनीचे 41 दरवाजे मात्र सांडव्यावर, उंचावर आहेत. पूर सोडताना प्रामुख्याने वरचे, तुलनेने निवळलेले पाणी जाते आणि तळातला चिखल मागे राहतो.

वर्षाच्या आवकेच्या मानाने धरण जेवढे मोठे, तेवढा त्याचा गाळ अडवण्याचा गुण अधिक, असा जलशास्त्राचा नियम आहे. 117 टीएमसीच्या ह्या जलाशयातून पुराच्या वाळूचा कणही सहसा पंढरपुराकडे जात नसेल, असे म्हणण्यास हरकत नाही. धरणाखालच्या भीमेला नवी वाळू मिळते ती नीरा नरसिंगपूरला मिळणाऱ्या नीरेकडून आणि काठच्या ओढ्यांकडून. म्हणून चंद्रभागेच्या वाळवंटातून उपसलेली वाळू पुढच्या पुरात भरून येईल, हा हिशेब धरणापूर्वीच्या नदीचा आहे.

2024 च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे 60 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मृत साठ्यातही बराच खाली, उतरला, तेव्हा पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याबाहेर आले आणि ते पाहायला लोकांची रीघ लागली. मंदिराइतकीच भोवतालची जमीनही पाहण्यासारखी असते. ओसरत्या पाण्यामागे उघडी पडणारी गाळपेर जमीन आरंभी लोण्यासारखी मऊ, पाय घोट्यापर्यंत रुतवणारी असते; पंधरवड्याच्या उन्हात ती आकसते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. काठचे शेतकरी तीत पिके घेतात आणि तिचा कस उत्तमच असतो, कारण ती वरच्या शेतांचीच साय आहे. पुढचा पहिला पूर आला, की हीच भेगाळलेली माती पुन्हा उचलली जाते आणि आणखी खाली, धरणाच्या खोल भागाकडे ढकलली जाते.

उपाय काय, ह्याविषयी पहिली सूचना येते ती गाळ काढण्याची. ती मोजून पाहावी. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2 कोटी 83 लाख घनमीटर. दहा घनमीटरचा एक टिपर धरला, तर 28 लाखांहून अधिक खेपा. रोज हजार खेपा केल्या आणि उन्हाळ्याचे शंभर दिवस काम चालले, तर एका टीएमसीला 28 वर्षे लागतील. महाराष्ट्र शासनाने 2017 साली सुरू केलेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना गावतळी, पाझर तलाव आणि लहान प्रकल्प ह्यांच्यासाठी निःसंशय हिताची आहे, आणि 1871 पासून सोलापूरच्या उशाशी असलेल्या एकरुख तलावासारख्या जुन्या तलावांनाही तिचा लाभ व्हावा. पण उजनीचे पोट केवळ फावड्याने आणि यंत्राने रिकामे होणार नाही.

दुसरा मार्ग गढूळ पूर जाऊ देऊन मागाहून निवळ पाणी धरण्याचा. नाईलवर 1902 साली बांधलेल्या जुन्या आस्वान धरणाची 180 द्वारे पुराच्या भरात खुली ठेवीत आणि पूर ओसरू लागल्यावर साठा करीत. त्यामुळे ते धरण दीर्घकाळ गाळापासून बचावले. नाईलचा पूर दरसाल ठरल्या वेळी येत असे. आपल्याकडे जुलैचे पाणी सोडून ऑगस्टची वाट पाहावी, आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर जिल्ह्यापुढे कोणते तोंड घेऊन जावे? उजनीच्या अधिकाऱ्यांनी पहिला पूर अडवला, तर त्यांना दोष देता येणार नाही.

राहता राहिला तो माती मुळात जागच्या जागी धरून ठेवण्याचा मार्ग. खडकवासला, पानशेत, पवना, चासकमान, डिंभे ही वरची धरणे डोंगरातला बराच गाळ अडवतात. उजनीकडे येणाऱ्या गाळात त्यांच्या खालच्या शिरूर, दौंड, श्रीगोंदा, इंदापूर, करमाळा ह्या सपाट मुलखातील ओढ्यांच्या मातीचा वाटा म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. तिथली बांधबंदिस्ती, समतल चर, ओढ्याकाठचे गवत आणि झाडोरा ही कामे मृद्संधारण खात्याच्या दप्तरात निराळ्या शीर्षाखाली पडत असली, तरी ती उजनीच्या आयुष्याची कामे आहेत आणि त्यांच्यावरचा खर्च धरणाच्या देखभालीचा खर्च समजून व्हायला हवा.

आणि मोजणी नियमित व्हायला हवी. उपग्रहाच्या चित्रांवरून पाण्याचा पसारा मोजून साठा ठरवण्याची पद्धत स्वस्त आणि उपयुक्त आहे, परंतु चित्रे घेतली त्या काळात पाणी ज्या पातळीपर्यंत उतरले असेल, तिच्याखालचे तिला काही दिसत नाही. त्यासाठी नावेवरून ध्वनिलहरींनी खोली मोजावी लागते. आजही उजनीची टक्केवारी सांगताना 53.57 टीएमसी म्हणजे 100 टक्के असेच धरले जाते, आणि हा आकडा धरणाच्या मूळ आराखड्यातला आहे. धरण 1980 साली पूर्ण झाले. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळाचे पूर त्यात गाळ टाकून गेले आहेत. दर पाच वर्षांनी पूर्ण जलाशयाची मोजणी करून नवा आकडा लोकांपुढे जाहीर करावा आणि कालव्याचे आवर्तन त्याच आकड्यावर ठरवावे, अशी मागणी जिल्ह्यातील पाणीवापर संस्थांनी, साखर कारखान्यांनी आणि सोलापूर महानगरपालिकेने एकमुखाने जलसंपदा खात्याकडे केली पाहिजे.