तेजाब आणि सोड्याचा हिशेब

मुलामा व लोखंडी कामाच्या कारखान्यांत माल साफ करायला मिठाचे तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल लागते, हे आमच्या कारागीर बंधूंना सांगायला नको. पण तेजाबातून काढलेला नग नुसता पाण्याने खंगाळला तर सांध्यांत आम्ल राहते, रंगाखाली गंज धरतो आणि गिऱ्हाईक माल परत आणते. म्हणून नंतर सोड्याच्या पाण्यातून काढावा, असे आम्ही सुचवतो.

आम्ल आणि अल्कली भेटले की दोघांचाही जोर मरतो. मीठ आणि पाणी तयार होते. ३६.५ ग्रॅम आम्ल व ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा यांतून ५८.५ ग्रॅम मीठ आणि १८ ग्रॅम पाणी. तराजूत घट नाही!

वापरलेले तेजाब गटारात ओतू नये. ३० टक्के ताकदीच्या १ किलो ताज्या तेजाबाला सुमारे ४३५ ग्रॅम सोडा अ‍ॅश पुरते. वापरलेल्याला त्याहून कमी. फेस येतो, म्हणून थोडीथोडी टाकावी. निळा लिटमस कागद लाल होईनासा झाला की पुरे. मात्र त्यात धातू उतरलेला असतो, तेव्हा खाली बसलेला गाळ वेगळा ठेवावा.

अंगावर तेजाब उडाल्यास सोडा चोळू नये, दोघांच्या मिलाफाने उष्णता निघते. वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावे.