एका घरात दोन मेन स्विच

तुमच्या घरात मेन स्विच किती आहेत? बहुतेक जण म्हणतील, एक. पण असे एखादे घर डोळ्यांसमोर आणा, जिथे खाली थोरले काका राहतात आणि वर धाकटे. वाटणी झाली तेव्हा वरच्या मजल्याला वेगळा मीटर आणि वेगळा मेन स्विच मिळाला. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला कोळसा व मीठ घालून अर्थिंगचा दुसरा खड्डाही झाला. मोरी मात्र सामाईकच राहिली. तिथे खालच्यांचे वॉशिंग मशीन आणि वरच्यांचा गिझर शेजारी शेजारी आहेत. दोन्हींना अर्थिंग आहे. मग भीती कसली? पाहू या.

तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन जाड आणि लांब असते. ती भूसंपर्क तारेची पिन. लांब असल्यामुळे ती सर्वांत आधी जोडली जाते. उपकरणातील वीजयुक्त तार सुटून पत्र्याला टेकली, तर प्रवाहाला या तारेतून जमिनीत जायला वाट मिळते. प्रवाह पुरेसा मोठा असेल, तर वितळतार वितळते आणि वीज बंद होते.

पण जमीन ही काही तांब्याची तार नव्हे. उन्हाळ्यात मुरूम कोरडा पडला की तिचा रोध वाढतो. समजा, वॉशिंग मशीनच्या खड्ड्याचा रोध ४० ओहम आणि ट्रान्सफॉर्मरजवळच्या अर्थिंगचा ६ ओहम आहे. एकूण रोध झाला ४६ ओहम. ओहमच्या नियमाप्रमाणे २३० व्होल्टला ४६ ने भागा. प्रवाह आला ५ अँपियर. १६ अँपियरची वितळतार एवढ्याने वितळणार नाही! आता ५ ला ४० ने गुणा. मशीनचा पत्रा जमिनीच्या मानाने २०० व्होल्टवर आहे.

शेजारच्या गिझरचा खड्डा दूर आहे. त्याचा नळ जवळजवळ शून्य व्होल्टवर आहे. कोणी ओला एक हात मशीनवर आणि दुसरा नळावर ठेवला तर? ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरा. छातीतून २०० मिलिअँपियरच्या आसपास प्रवाह जाईल. एवढा प्रवाह प्राणघातक ठरू शकतो.

तारेवर बसलेला पक्षी आठवा. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, म्हणून त्यांच्यात विभवांतर जवळजवळ नसते आणि त्याला धक्का बसत नाही. हाच उपाय आपल्या घराला लागू पडतो. दोन्ही मेन स्विचांच्या भूसंपर्क पट्ट्या आणि पाण्याचे धातूचे नळ जाड तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडायचे. याला बाँडिंग म्हणतात. मग बिघाड झालाच, तर मशीन आणि नळ यांचे विभव बरोबरच चढेल. दोघांत फरक उरणार नाही.

पण ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला धोका राहतोच. म्हणून वीज ताबडतोब तोडली पाहिजे. हे काम आरसीसीबी करते. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांची ती सतत तुलना करते. घरात सामान्यतः ३० मिलिअँपियरची आरसीसीबी बसवतात. गळती तेवढी होताच ती क्षणार्धात वीज तोडते. आपल्या उदाहरणात तर ५००० मिलिअँपियर गळत होते!

कोणी विचारील, तटस्थ तारही ट्रान्सफॉर्मरजवळ जमिनीला जोडलेली असते, मग घरातच ती भूसंपर्क तारेला जोडली तर? तसे कधीही करू नये. बाहेर तटस्थ तार तुटली, तर चालू दिव्यातून आलेली वीज त्या जोडातून घरातल्या प्रत्येक पत्र्यावर पोहोचेल. दोन मजल्यांच्या तटस्थ तारांचीही सरमिसळ नको. नाहीतर एक मेन स्विच बंद करूनही तार जिवंत राहू शकते.

आज घरी गेल्यावर मोठ्या माणसांबरोबर एवढेच पाहा: मेन स्विच किती, आणि कोणता कशाचा हे त्यांवर लिहिले आहे का? आरसीसीबी असेल, तर मोठ्यांना तिचे चाचणीचे बटण दाबायला सांगा. ती लगेच पडली पाहिजे. पेटी मात्र उघडू नका. दोन खड्डे जोडलेले आहेत की नाहीत, हे परवानाधारक वीजतंत्र्याला विचारा. प्रश्न विचारणे हे तुमचे काम, तार जोडणे त्याचे.