कुर्ता उलटा करून बघितलात?

आईच्या मागे लागून तुम्ही तिची जुनी इरकल साडी मिळवता, ट्रॅडिशनल डेसाठी तिचा कुर्ता शिवून घेता. फोटो भारी येतात. तीन-चार धुण्यांनंतर मात्र गळ्यातून दोरे डोकावायला लागतात. तुम्ही एक ओढता, तर मागून चार येतात! माझ्या कुर्त्याचं अगदी हेच झालं. नवीन कुर्ता कधीही घेता येतो हो, आईची साडी कुठून आणणार?

दोष साडीचा नव्हता. कुर्ता उलटा केला तेव्हा कळलं. गळ्याला आतून जी पट्टी लावतात, म्हणजे फेसिंग, तिची बाहेरची कड नुसती कापून सोडून दिली होती. विणलेलं कापड कापलं की कडेचे धागे मोकळे होतात आणि प्रत्येक धुण्यात थोडे थोडे सुटतात. यालाच आपल्या आज्या ‘दशा निघणं’ म्हणतात.

उपाय सोपा आहे, फक्त कापड बघून निवडायचा.

साधं सुती कापड : कड 5 मिलिमीटर आत दुमडा, इस्त्री करा आणि दुमडीवर टीप मारा. घरच्या साध्या मशीनवर हे सहज जमतं.

जॉर्जेट, शिफॉन : इथे दुमडू नका, बाहेरून वळ दिसतो. सुई-दोरा घ्या आणि कडेवरून तिरके, सैलसर टाके घाला. वेळखाऊ आहे, पण एका वेबसिरीजच्या एपिसोडमध्ये होऊन जातं.

जाड खादी, डेनिम : दुमडलं तर जाडी वाढते. त्यापेक्षा पातळ कापडाची उरेब, म्हणजे 45 अंशांत तिरकी कापलेली पट्टी घेऊन कडेला गोट लावा. तिरकं कापड ताणलं जातं, त्यामुळे गळ्याच्या गोलाईवर छान बसतं.

आणि झिगझॅग कातरी? घट्ट विणीच्या कापडाला चालते. सैल विणीच्या कापडाला तिचा फारसा उपयोग नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी फेसिंगला फ्यूजिंग चिकटवा, खांद्याचे जोड शिवा, मग बाहेरची कड पक्की करा आणि त्यानंतरच फेसिंग गळ्याला जोडा. कुर्ता पूर्ण झाल्यावर कड शिवायला गेलात तर पुढचं कापड हमखास मध्ये येतं. गळा जोडल्यावर गोलाईवर बारीक काप द्या, टीप मात्र कापू नका. मग शिलाईची मार्जिन फेसिंगकडे वळवून त्या दोन्हींवर, गळ्याच्या अगदी लगत एक टीप मारा. ती बाहेरून दिसत नाही, पण फेसिंग बाहेर उलटू देत नाही. शेवटी फेसिंग खांद्याच्या जोडाला हाताने दोन-तीन टाक्यांनी अडकवा. झालं!

शिवायचा कंटाळा असेल तर कुर्ता टाकतानाच टेलरकाकांना स्पष्ट सांगा, ‘गळ्याच्या फेसिंगला आतून इंटरलॉक करा.’ त्या मशीनमध्ये कड कापली जाते आणि लगेच दोऱ्यांनी गुंडाळलीही जाते. कुर्ता ताब्यात घेताना तिथेच उलटा करा. दुकानात रेडिमेड घेतानाही हेच करा. कापडाचा रंग आणि प्रिंट सगळेच बघतात, तुम्ही आतली कडही बघा.

माझ्या कुर्त्याला मी उशिरा का होईना, गोट लावला. गळा अर्धा इंच मोठा झाला, पण साडी वाचली. तुमची साडी अजून कपाटातच असेल, तर तुम्ही वेळेत आहात.